बेबी ऑफ चारशे दोन

परब सिस्टर भेटल्या की आधी तुमच्या मानेला उलटा हात लावतात. नमस्कार वगैरे नंतर. बोरिवलीच्या या बिल्डिंगमध्ये मी राहायला आलो त्या दिवशी डोक्यावर गादीची वळकटी घेऊन जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं, एक बुटक्या, पांढऱ्या केसांच्या बाई बाहेर आल्या, माझ्या मानेला हात लावला आणि म्हणाल्या, "सदतीस दोन. ठेव ती गादी. पाणी पी." मी गादी ठेवली, पाणी प्यायलो. माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

यातून कुणी सुटत नाही. सिलिंडरवाला, कुरिअरवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, सगळ्यांच्या माना त्यांनी तपासल्यात. एका निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून त्यांच्या दारात उभा राहिला. मागे ढोल, फटाके, माणसांची रेटारेटी. सिस्टरनी त्याच्या मानेला हात लावला आणि ढोलवाल्यांवर ओरडल्या, "बंद करा रे ते! ह्याला ताप आहे." खरंच होता. थर्मामीटर लावला तर अडतीस एक निघाला. उमेदवार त्यांच्या सोफ्यावर बसून गोळी घेऊन गेला. मत मागायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

सिस्टर मूळच्या कुडाळकडच्या. पालिकेच्या एका इस्पितळात, वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या खोलीत त्यांची चौतीस वर्षं गेली. किलोभर, सव्वा किलोची बाळं. त्यांना स्वतःची ऊब धरता येत नाही, म्हणून काचेच्या पेटीत ठेवायचं, पोटाला तार चिकटवायची आणि आकड्यावर डोळा ठेवायचा. लग्नाचं विचारलं तर म्हणतात, "राहिलं. ड्युटी लागली होती." निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण ड्युटी काही सुटली नव्हती. ती आता बिल्डिंगला लागली होती.

आणि मग चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूने सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. तो नोकरीसाठी बंगळुरूला चालला होता. त्याच्याकडे एक बॉल पायथन होता. हा आफ्रिकेकडचा लहान जातीचा अजगर. विष नसतं, आणि घाबरला की अंगाचा चेंडू करून बसतो. वन खात्याकडे त्याची रीतसर नोंद होती, पण बंगळुरूचा घरमालक ऐकत नव्हता. कुणी सांभाळेल का?

ग्रुपवर आठ जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. दोघांनी ग्रुप सोडला. सिस्टर मात्र जिना चढून वर गेल्या, भाडेकरूच्या मानेला हात लावला, मग सापाला लावला.

"थंड आहे रे हा! कुणी बघतं की नाही याच्याकडे?"

"आंटी, तो तसाच असतो. त्याला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. बाहेरून द्यावी लागते."

"वजन?"

"बाराशे दहा ग्रॅम."

सिस्टरनी त्याला तळहातांवर तोलून बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्याच वॉर्डातला."

कागदपत्रं झाली, ऑनलाइन नोंदणी सिस्टरच्या नावावर झाली आणि तो दुसऱ्या मजल्यावर आला. वॉर्डात नाव ठेवेपर्यंत बाळाच्या पायाला आईच्या नावाची चिठ्ठी असते, बेबी ऑफ अमुक. सापाच्या आईचा पत्ता नव्हता. म्हणून सिस्टरनी काचेच्या पेटीवर चिठ्ठी चिकटवली, 'बेबी ऑफ ४०२'. तेव्हापासून हा साडेतीन फुटी अजगर आमच्या बिल्डिंगचा बेबी झाला.

कुर्ल्याच्या एका दुकानातून सिस्टरनी पेटीखाली लावायची गरम मॅट आणली. चटईच्या तुकड्यासारखी काळी, पातळ, तार असलेली. दुकानदार म्हणाला, "नीचे चिपका दो, स्विच ऑन, बस."

"थर्मोस्टॅट?"

"लगता नहीं आंटी. सब ऐसे ही चलाते हैं."

सिस्टरनी दुकानदाराच्या मानेला हात लावला, त्याला नॉर्मल ठरवलं आणि मग अर्धा तास झापलं. मी सोबत होतो, मॅटची पिशवी धरून. त्या दिवशी मला कळलं की या मॅटला अक्कल नसते. वीज दिली की ती तापतच जाते. तिला कुठे थांबायचं हे सांगायला थर्मोस्टॅट लागतो, आणि थर्मोस्टॅटला कळावं म्हणून एक प्रोब. म्हणजे तारेच्या टोकाला शेंगदाण्याएवढं बोंड. ते बोंड मॅट आणि काच यांच्या मध्ये पक्कं बसलं पाहिजे, कारण सगळ्यात गरम जागा ती. बोंड तिथून निसटलं की थर्मोस्टॅट आंधळा.

सिस्टरनी मॅट पेटीच्या एका टोकाला, फक्त एक तृतीयांश भागाखाली लावली. "पेशंटला नको असेल तर उठून दुसरीकडे जाता आलं पाहिजे." पेटी चार रबरी पायांवर चढवली, खाली उष्णता कोंडू नये म्हणून. आतल्या जमिनीवर दुसरा थर्मामीटर ठेवला. पेटीच्या आत मात्र चिकटपट्टीचा तुकडासुद्धा नाही, खवले सोलून निघतात म्हणून. मग तीन दिवस पेटी रिकामी चालवली. बेबी जुन्या डब्यात, आणि सिस्टर रिकाम्या पेटीसमोर खुर्ची टाकून आकडे लिहितायत.

"सिस्टर, आत कुणी नाहीये," मी म्हणालो.

"म्हणूनच बघतेय. चुकायचं असेल तर आत्ता चुकू दे."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय निघणारच होता. सेक्रेटरी कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "सिस्टर, इथे आम्ही वितळतोय आणि तुम्ही सापाला शेकताय? मुंबईत हीटर?"

"जानेवारीत पहाटे नॅशनल पार्ककडून वारा सुटतो ना, तेव्हा चड्डीवर लादीवर झोपून दाखव. मग बोल."

मिनिट्समध्ये 'चर्चा झाली' एवढंच लिहिलं गेलं.

बेबीचा चार्ट होता. पुठ्ठ्याला क्लिपने लावलेला, सकाळी सहा आणि दुपारी दोन. मॅटचा आकडा, आतल्या थर्मामीटरचा आकडा, पाणी, खाणं, सही. दुपारी दोनला सकाळच्या सिस्टर परब दुपारच्या सिस्टर परबांना चार्ज देत. खरंच देत. एप्रन बदलून, पेटीसमोर उभं राहून, मोठ्याने. "बेबी ऑफ चारशे दोन, स्टेबल, साडेएकतीस, रविवारी फीड झालं." दुपारच्या सिस्टर जरा कडक होत्या. सकाळच्यांनी पाण्याची वाटी नीट पुसली नाही म्हणून एकदा त्यांनी चार्टवर लाल शाईने शेरा मारला होता. सकाळच्यांनी दुसऱ्या दिवशी त्याखाली 'नोंद घेतली' असं लिहिलं होतं.

बेबीचं जेवण, म्हणजे गोठवलेले उंदीर, फ्रीजरमध्ये एका डब्यात असे. डब्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'ही भाजी नाही'. माझ्या बायकोने, शुभाने, एकदा बर्फ घ्यायला गेली असताना ते वाचलं आणि तरीही डबा उघडला. त्यानंतर आठवडाभर ती सिस्टरच्या घरचा चहासुद्धा घेत नव्हती.

सिस्टरची दोन वाक्यं बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या तोंडी होती. एक, "पेशंट बोलत नाही, आपण बघायचं." दुसरं, "लिहिलं नाही तर केलं नाही." वॉचमनने टाकीत पाणी सोडलं की तोही जिन्यात ओरडायचा, "सिस्टर, लिहिलंय हां!"

इथवरचं सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. पुढचं सांगायला मला दोन वर्षं लागली.

मी अंधेरीला एका विमा कंपनीत क्लेमच्या फाइली तपासतो. चूक कुणाची, हे ठरवण्याचा पगार घेतो. माझं अक्षर सुरेख आहे आणि मी फार बोलत नाही, म्हणून लोकांना वाटतं हा माणूस भरवशाचा. सिस्टरनाही तसंच वाटलं.

जानेवारीत त्यांच्या गावची जत्रा होती. आठ दिवसांसाठी त्या चालल्या होत्या, चार वर्षांनी पहिल्यांदाच. किल्ली मला दिली. "विलास, कशाला हात लावू नको. रोज सकाळी वाटीतलं पाणी बदल, दोन्ही आकडे वाच आणि लिही. बस."

मला सापाची भीती वाटते. हे मी त्यांना सांगितलं नाही. बावन्न वर्षांचा माणूस ते कुठल्या तोंडाने सांगणार?

तिसऱ्या दिवशी वाटी आत ठेवताना बेबी हलला. नुसतं तोंड वळवलं त्याने, माझ्याकडे. मी असा मागे उडालो की कोपर तारेत अडकलं, आणि पेटीखालून ते शेंगदाण्याएवढं बोंड पट्टीसकट बाहेर आलं.

ते नेमकं कुठे होतं हे मला आठवेना. म्हणजे ऐकलं होतं, सिस्टरनी दहादा सांगितलं होतं, पण खाली वाकून पेटीला तोंड लावायचा धीर होत नव्हता. म्हणून मी ते बोंड पेटीच्या बाहेरच्या काचेवर चिकटवलं. लांबच्या बाजूला, जिथून मला बेबी दिसत नव्हता. थर्मोस्टॅटवर चोवीस दिसायला लागले. चार्टवर वरच्या सगळ्या ओळींत साडेएकतीस होतं. ऑफिसात जायला उशीर होत होता. मी साडेएकतीस लिहिलं.

त्यानंतर तीन दिवस मी आकडे बघितलेच नाहीत. दार उघडायचं, हात लांब करून वाटी बदलायची, चार्टवर वरच्या ओळीसारखी ओळ लिहायची, सुरेख अक्षरात, आणि निघायचं. थर्मोस्टॅटला थंडी दिसत होती, त्यामुळे मॅट तापत होती, थांबायचं नाव नाही.

सातव्या दिवशी बेबी पाण्याच्या वाटीत होता. सगळाच्या सगळा, चेंडू करून, त्या एवढ्याशा वाटीत बसवून घेतलेला. मी काचेला हात लावला आणि काढून घेतला. आतला थर्मामीटर चव्वेचाळीस दाखवत होता. मी प्लग ओढला. मग पहिल्यांदा खाली वाकलो, जुन्या पट्टीचा डाग शोधला आणि बोंड होतं तिथे परत चिकटवलं. संध्याकाळी सगळं चालू केलं. साडेएकतीस. जसं काही घडलंच नाही.

सिस्टर दुसऱ्या दिवशी आल्या. हातातली जत्रेतल्या खाज्याची पिशवी दारातच ठेवली, चपला काढल्या आणि सरळ पेटीकडे गेल्या. बेबीला उचलून उलटा केला. पोटावर हाताच्या तळव्याएवढा तपकिरी पट्टा होता, खवले उचललेले.

"विलास, काय झालं?"

"काही नाही."

"काही हललं? लाइट गेली? तू काही केलंस?"

"मी कशाला हात लावला नाही, सिस्टर. चार्ट बघा ना."

त्यांनी चार्ट बघितला. आठ दिवस, साडेएकतीस. माझी सही. मग टॉर्च घेऊन त्या गुडघ्यांवर बसल्या आणि पेटीखाली बघितलं. बराच वेळ.

"पट्टी तिरकी लागलीय," त्या म्हणाल्या. मला नाही, स्वतःलाच. "मी तिरकी लावली?"

तेव्हा बोलायचं होतं. तीन शब्द पुरले असते. मी खाज्याची पिशवी उचलून ओट्यावर नेऊन ठेवली.

बेबी वाचला, हे आधीच सांगून टाकतो. प्राण्यांच्या डॉक्टरांनी मलम दिलं, पेटीत नारळाच्या भुशाऐवजी कोरा कागद घालायला सांगितला आणि म्हणाले, तीन-चार वेळा कात टाकेल तोवर भरून येईल. सिस्टरनी दिवसातून दोनदा ते पोट पुसलं. बेबी बरा होत होता. सिस्टर होत नव्हत्या.

आधी शुभाच्या लक्षात आलं. "अरे, सिस्टर हल्ली मानेला हात लावत नाहीत. बघितलंस?" खरंच होतं. सिलिंडरवाला दारात मान पुढे करून उभा राहायचा आणि त्या पावती घेऊन दार लावायच्या. दुपारचा चार्ज बंद झाला. लाल शाई बंद झाली. घरात जागोजागी कागद चिकटले. गॅस बंद? नळ बंद? किल्ली? एकदा जिन्यात मला थांबवून त्यांनी विचारलं, "काल मी तुला एकच गोष्ट दोनदा विचारली का रे?"

"नाही, सिस्टर."

"खरं सांगतोस ना?"

"खरं."

ते खरंच होतं. पण माझ्या तोंडून खरं निघालं काय आणि खोटं निघालं काय, ते सारख्याच आवाजात निघत होतं. त्या मान हलवून वर गेल्या.

मग त्या डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. सगळं बरोबर आलं. डॉक्टर म्हणाले, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. त्यावर सिस्टरनी त्यांना विचारलं, "मग पट्टी तिरकी कशी?"

हे त्यांनी मला हसत सांगितलं. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही. शुभाने विचारलं तर अॅसिडिटी म्हणालो.

मार्चच्या एका रविवारी, दुपारी, त्यांनी मला बोलावलं. टेबलावर कागद, पेन, शाईचा पॅड.

"तुझं अक्षर चांगलं आहे. एक पत्र लिहायचंय. आणि साक्षीदार म्हणून सही कर."

"कसलं पत्र?"

"पुण्याला एक जण आहे, त्याच्याकडे असले दोन आहेत, नोंद-बिंद सगळी आहे. बेबीला तो घेतोय. आणि मी एप्रिलमध्ये भाच्याकडे चाललेय, कुडाळला. कायमची. तो कधीपासून म्हणतोय."

"आणि हे घर?"

"घराचं काय. घराला ऊब द्यावी लागत नाही." त्या खुर्चीत नीट बसल्या. "लिही. आधी कारण. वयोमानानुसार काळजी घेण्यास असमर्थ."

मी 'वयोमानानुसार' लिहिलं. अक्षर सुरेख आलं. क्लेमच्या फाइलीत येतं तसंच. पुढे पेन जाईना.

"काय झालं? शाई संपली?"

"सिस्टर, ती पट्टी मी लावली."

"कुठली पट्टी?"

"तिरकी. ती तुमची नव्हती. तुमची सरळ होती. माझ्या कोपराने निघाली."

पंखा फिरत होता आणि मी 'वयोमानानुसार'कडे बघत होतो.

"परत सांग," त्या म्हणाल्या. "क्रमाने."

मी सांगितलं. त्या मध्ये मध्ये विचारत राहिल्या, वॉर्डात विचारत असतील तसं. कितव्या दिवशी? किती वाजता? कुठलं कोपर? प्रोब कुठे लावला? दाखव. मी उठून काचेवर बोट ठेवून जागा दाखवली. वाटीतल्या चेंडूपाशी आलो तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"आणि चार्ट?"

"आकडा खोटा लिहिला. वरचं बघून लिहिलं."

"चारही दिवस?"

"चारही."

"भिऊन?"

"पहिल्या दिवशी भिऊन. नंतर... नंतर लिहायला सोपं गेलं."

"मेल्या!" सिस्टरनी टेबलावर थाप मारली, शाईचा पॅड उडाला. रागावल्या की त्या थेट कुडाळला पोचतात. "माका सांगूक काय झाला हुता? हात चुकता. हातच तो. आकडो खोटो लिवूक डोक्या लागता! चौतीस वर्षांत किती पोरी माझ्या हाताखालून गेल्या. कुणी बाटली फोडली, कुणी सुई चुकवली, धावत येऊन रडत सांगायच्या. एकीलासुद्धा मी ओरडले नाही. पण खोटा आकडा लिहिणारीला मी वॉर्डात ठेवली नाही. एका दिवसात बाहेर!"

"हो, सिस्टर."

"हो काय हो! जरा तोंड तरी उघड!"

"माझं चुकलं. बेबीचं चुकलंच, पण त्यापेक्षा... तुम्ही स्वतःवर घेत होतात आणि मी बघत होतो. रोज."

त्यांची बोटं टेबलाच्या कडेवरून पुढे-मागे फिरत राहिली. मग एकदम लहान आवाजात त्यांनी विचारलं, "म्हणजे मी लावलेली सरळ होती?"

"अगदी सरळ. पट्टीचा डागसुद्धा सरळ होता. मी तोच बघून लावली, तरी तिरकी गेली."

"आणि तुला दोनदा काही विचारलं नाही मी?"

"नाही."

"शपथ घे."

"बेबीची शपथ."

सिस्टर उठल्या आणि आत गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मी उठून जावं की बसावं, कळेना. शेवटी टेबलावरचा कागद उचलला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला.

बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता आणि एप्रन घातलेला. हातात टॉर्च, नवी चिकटपट्टी, कात्री.

"काढ तो प्रोब. आता तू लाव. माझ्यासमोर."

"मी?"

"मग काय मी? मी तर लावू शकते, आत्ताच ठरलं ना?"

बेबीला त्यांनी डब्यात ठेवलं, प्लग काढला, मला जमिनीवर आडवं व्हायला लावलं. बावन्न वर्षांचा माणूस, अजगराच्या पेटीखाली टॉर्च तोंडात धरून. वरून सूचना. "आधी काच पूस. कोरडी. आता बोंड मॅटच्या मधोमध... मधोमध म्हटलं, कडेला नव्हे! तार वळव, ओढ बसायला नको. पट्टी आडवी. अंगठ्याने दाब. अजून दाब, बायकोचा रोष आठव आणि दाब." मी दाबली. त्या माझ्याशेजारी लादीवर आडव्या झाल्या, अडुसष्ट वर्षांच्या, आणि टॉर्च घेऊन बघितलं.

"सरळ आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी भाच्याला फोन लावला. मला ऐकू येईल असा. "नाय रे येत. नाय, तब्येत बरी आसा. ह्यां दुसऱ्याचा लफडा हुता, माझा नाय. मे महिन्यात येतंय, आंबे खावक." पुण्याच्या माणसाला उद्या कळवू म्हणाल्या.

बेबीला परत पेटीत सोडायचं नव्हतं, आकडा बसेपर्यंत. सिस्टरनी दोन खुर्च्या पेटीसमोर ओढल्या. चहा केला, खारी काढली. "आकडा स्थिर होईपर्यंत उठायचं नाही. हा नियम आहे."

आम्ही बसलो. सव्वीस. अठ्ठावीस. चहा पीत सिस्टर सांगायला लागल्या. नऊशे ग्रॅमच्या एका मुलीबद्दल, जिने बोट धरलं की सोडायची नाही. कुडाळच्या घरी चुलीशेजारी टोपलीत ठेवलेल्या कोंबडीच्या पिल्लांबद्दल. वॉर्डातल्या मैत्रिणींबद्दल, त्यातल्या दोघी आता नाहीत, एक मुलाकडे परदेशी. रिटायर झाल्यावर पहिल्या महिन्यात त्या रोज सकाळी सहाला स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत यायच्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तीस. एकतीस. मीही थोडं बोललो. सापाची भीती वाटते, हे सांगितलं. "दिसत होतं की," त्या म्हणाल्या.

साडेएकतीस झालं. आतल्या थर्मामीटरवरही. मी मनात दहा मिनिटं मोजली. मग वीस. आकडा जागचा हलला नाही. त्यालाही अर्धा तास होऊन गेला. खिडकीत ऊन उतरायला लागलं. घरी शुभा वाट बघत असणार.

मी खुर्चीच्या हातावर हात ठेवला, उठायला.

"थांब," सिस्टर पेटीकडे बघत म्हणाल्या. "अजून हलतोय आकडा."

मी आकड्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"हो," मी म्हणालो. "हलतोय खरा." आणि कप पुढे केला. "अजून अर्धा मिळेल का?"